खेमकरणचे टँक मुंबईत अडकले, त्याची गोष्ट

1965 च्या भारत-पाक युद्धातल्या खेमकरणच्या लढाईचा डाव छोट्या मॉडेल्सनी टेबलावर मांडायचा म्हणून मला भारतीय सैन्याच्या सेंच्युरियन टँकची मॉडेल्स हवी होती, 1:100 मापाची. नाशिकमध्ये हे सुटे भाग जोडायचं कीट कुठेच मिळालं नाही, म्हणून ब्रिटनहून मागवलं. मुंबईपर्यंत सगळं सुरळीत आलं. पुढे कुरिअर कंपनीने जे केलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

पाठवणाऱ्याने पार्सलवर 'टँक, प्लास्टिक' एवढंच लिहिलं होतं. केवायसीसाठी आधार, पॅन दिलं; तेच परत मागितलं. मग मेल आला: हे खेळणं आहे, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्र जोडा. 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा आहे हे मान्य, पण तो आदेश 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना लागू आहे. डब्यावर 14 वर्षांवरील असं ठळक छापलेलं. तो फोटो पाठवला, उत्तर नाही. नाशिकच्या ऑफिसात गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, आमच्याकडे फक्त डिलिव्हरी. मुंबईला विचारा." मुंबईचा फोन वाजत राहायचा आणि कट व्हायचा. दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या वस्तूसाठी एवढं अजिजीने का बोलायचं?

शेवटी एका गोष्टीने सुटलं. कस्टम्सच्या वर्गवारीत स्केल मॉडेल खेळण्यांबरोबरच 9503 या क्रमांकाखाली येतात. त्यामुळे 'हे खेळणं नाही' असं भांडून काही होत नाही. 'लहान मुलांचं खेळणं नाही' असं लिहायचं. न जोडलेलं, न रंगवलेलं प्लास्टिक मॉडेल, 14 वर्षांवरील व्यक्तींसाठी, वैयक्तिक वापर. खाली बिल आणि डब्याचा फोटो, सगळं एकाच पीडीएफमध्ये. ते पाठवल्यावर पार्सल हललं. विक्रेत्याला आधीच सांगा, हेच वर्णन पार्सलवर घालायला. ड्यूटीचे पैसेही बाजूला ठेवा. खेळण्यांवरची ड्यूटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाली आहे.

जोडणी एका रविवारात झाली. स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात ती) भाग साइड कटरने कापायचे आणि पॉलिस्टायरीनला, म्हणजे कीटच्या प्लास्टिकला, प्लास्टिक सिमेंटच वापरायचं. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं. फेविक्विकने सांध्याशेजारी पांढरी धूसर छटा येते.

पार्सल आलं ते ऐन जुलैत, त्यामुळे प्रायमरची, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराची, पंचाईत. हवेत ओल असताना स्प्रे मारला तर रंगावर पांढुरकी झाक बसते. मी उघडीप मिळाली त्या दुपारी गच्चीवर मारला, आणि थर पातळ ठेवले. स्प्रेचे डबे ज्वालाग्राही, विमानाने येत नाहीत. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला करडा प्रायमर चालतो, फक्त आधी रिकाम्या स्प्रूवर मारून बघा.

मग हिरवा रंग, खाचांत तपकिरी वॉश (खूप पातळ रंग), कडांवर ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग). पंजाबातली धूळ चाकांवर आणि बाजूच्या पत्र्यांच्या खालच्या कडेलाच ठेवली, वरच्या तोफेच्या बुरुजावर नाही. त्या पत्र्यांवरची धूळ इतकी खरी दिसते की मला माझ्या हाताचा अभिमान वाटतो.

हो, एक राहिलंच: ते पत्रे चिकटवायच्या आधी चाकं आणि पट्टे रंगवून घ्या. नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही.