टाक्यांनी भरलेला क्यूआर कोड खरंच स्कॅन होतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी आलेलं माणूस भिंतीवरचा भरतकामाचा चौकोन बघतं, खिशातून फोन काढतं आणि आधी मला विचारतं, "हे खरंच स्कॅन होतं?" होतं. वाण्याच्या काउंटरवरचा छापील कोड होतो तितक्याच पटकन. टाके किती नाजूक आहेत हे फोन बघत नाही. चौकटी सरळ हव्यात आणि काळं-पांढरं ठळक वेगळं दिसायला हवं, एवढंच त्याचं मागणं.

हा कोड 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. कारखाना म्हटला की तेल लागणार, डाग पडणार. म्हणून थोडा भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून मजकूर परत जुळवता येईल अशी सोय त्यात मुळातच आहे. तिच्या चार पातळ्या असतात: साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के. आपल्या हातकामाला जागा मिळते ती इथे. मध्येच एखादी फुली, म्हणजे एक घर भरणारा फुलीचा टाका, चुकीच्या घरात पडली तरी कोड वाचला जातो. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना मात्र ही सवलत नाही. काळं एक, पांढरं एक, काळं तीन, पांढरं एक, काळं एक, या मापावरूनच कॅमेरा कोड ओळखतो. म्हणून मी कोपरे आधी भरते आणि पुन्हा पुन्हा मोजते. भोवती चार घरांची कोरी पट्टी सोडायची, तिथे वेलबुट्टी काढायचा मोह आवरायचा.

कापड म्हणाल तर 14 काउंटचं आयडा, फुलीच्या टाक्यांसाठी चौकोनी जाळी विणलेलं कापड, म्हणजे इंचाला 14 घरं. नेहमीच्या क्यूआर कोडांतला सगळ्यात लहान 21 बाय 21 घरांचा असतो, भोवतीची पट्टी सोडून तो बरोबर दीड इंचात बसतो. दोरा अँकर कंपनीचा 403 नंबरचा काळा, सुती. सहा पदरांतले दोन घेतले तर फुल्यांच्या मधून पांढरं कापड डोकावतं आणि काळा करडा दिसायला लागतो, म्हणून मी तीन पदर घेते. रेशमी दोरा दिसायला देखणा, पण ट्यूबलाइटखाली चमकतो आणि कॅमेऱ्याला तिथे पांढरं दिसतं. टिकल्यांचंही तेच. क्रोशाचा साधा आखूड टाका बहुधा उंचीपेक्षा रुंद, त्यामुळे सगळा कोड बसका होतो. फार बसका झाला की फोन गोंधळतो. खणाचे चौकोन जोडून करायची माझी फार इच्छा होती, पण त्यातली नक्षी बारीक बारीक उजेड-अंधार करते. गोधडीसाठी साधं एकरंगी सुती कापडच बरं.

माझा सगळ्यात लाडका प्रकार रांगोळीचा. आपल्याकडे ठिपक्यांचे कागद आधीपासून आहेतच, जाळी आखायचे कष्टच नाहीत. पण आपली फरशी शहाबादी किंवा जमीन गेरूने सारवलेली, म्हणजे गडद, आणि रांगोळी पांढरी. काळ्या घरांच्या जागी पांढरी रांगोळी भरली तर कोड उलटा होतो. काही फोन तसाही वाचतात, काही अजिबात वाचत नाहीत. म्हणून रांगोळी भरायची ती कोडमधल्या पांढऱ्या घरांत, आणि बाहेरच्या चार घरांच्या पट्टीतही. काळी घरं म्हणजे मोकळी सोडलेली जमीन. चिमटीने रेघ ओढायची नाही. पुठ्ठ्यात एक चौकोन कापून घ्यायचा, तो घरावर ठेवायचा आणि चहाच्या गाळणीतून रांगोळी चाळायची. कडा स्वच्छ येतात. एकेक इंचाचं घर धरलं तर 21 घरांचा कोड, पट्टी सोडून, पावणेदोन फुटांचा होतो आणि उभ्या उभ्या स्कॅन करता येतो. फक्त आपली सावली त्यावर अर्धवट पडू द्यायची नाही. चाळीच्या जिन्याजवळ काढायची तर पंखा आणि मुलं, दोन्हींवर नजर ठेवा.

आता आत काय भरायचं? इथे माझं मत ठाम आहे: लिंक भरू नका. कापड पन्नास वर्षं टिकेल, वेबसाइट टिकेलच असं नाही. दुकानदार यूपीआयचा कोड भरून मागतात, त्यांनाही मी नाही म्हणते. खातं बदललं की सगळी मेहनत वाया. शब्दच भरा, ते कोडच्या आतच राहतात, इंटरनेट लागत नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा तीन तीन बाइट (मजकूर किती जागा घेतो त्याचं संगणकी माप) घेते. 'आई' म्हणजे सहा बाइट, 21 घरांच्या कोडमध्ये 30 टक्क्यांच्या पातळीसह मावतं. एका शेजारणीने दुबईला निघालेल्या मुलाच्या उशीच्या अभ्र्यासाठी 'बाळा जेवलास का' एवढंच मागितलं. ते 38 बाइट. 29 घरांचा कोड लागला, 15 टक्क्यांच्या पातळीवर. अभ्रा सुरकुततो, म्हणून तिथे प्रत्येक घराला एकाऐवजी चार फुल्या घातल्या.

करून बघायचं असेल तर 'आई'नेच सुरुवात करा. आधी चौकटीच्या वहीत काळ्या स्केचपेनने घरं भरा आणि घरातल्या सगळ्यात जुन्या फोनने तपासा. त्याने वाचलं की मग दादरला जाऊन कापड आणा.