वडील सांगायचे

१२ जानेवारी, रात्र

माझा सोलापूरवरचा शोधलेख परत पाठवल्याचे नियतकालिकाच्या संपादकांचे पत्र परवा आले. सात महिने ज्याची वाट पाहिली ते अकरा ओळींत आटोपले होते आणि खाली दोन परीक्षकांचे अभिप्राय जोडलेले होते. पहिल्यांनी लेखाचे बऱ्यापैकी कौतुक केले आहे म्हणे. मला त्यातले काहीही आठवत नाही. दुसऱ्यांचा एक शब्द मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाही: 'स्थानिक'.

आज सकाळी चार हुतात्मा पुतळ्यांवरून जाताना हार घातलेले दिसले आणि तो शब्द पुन्हा वर आला. १९३० च्या मे महिन्यात ज्या गावावर इंग्रज सरकारला लष्करी कायदा लादावा लागला, ज्या गावच्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना पुढच्या वर्षी आजच्याच तारखेला येरवड्यात फासावर चढवले गेले, ते गाव स्थानिक? मग लंडनवर लिहिलेले लेख कसले असतात? पूर्व भागातल्या गल्ल्यांतून, गिरणीच्या चाळींतून मी चार वर्षे मुलाखती घेत हिंडले तेव्हा हे गृहस्थ (की बाई? नाव झाकलेले असते, त्यामुळे मनासारखे भांडताही येत नाही) कुठे होते, असे रिक्षात बसल्या बसल्या बरेच सुनावून घेतले. आईला अजून सांगितलेले नाही. तिने अंक आल्यावर देवापुढे ठेवायला म्हणून... ते राहू दे.

विभागात सरांनी नेहमीप्रमाणे जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्जचे उदाहरण दिले: १९३७ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने त्यांचे लेखन परत पाठवले आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हेतू चांगला होता. पण क्रेब्जना आधीच आलेल्या पत्रांच्या गर्दीत जागा नाही म्हणून परत पाठवले होते, आणि मला पाठवले त्याचे कारण वेगळे आहे, हे तोवर माझ्या लक्षात येऊ लागले होते.

दुपारी अभिप्राय पहिल्यापासून शांतपणे वाचला. त्यांनी सोलापूरला स्थानिक म्हटलेलेच नाही. माझा युक्तिवाद स्थानिक राहतो, एवढेच म्हटले आहे. याहून वाईट म्हणजे त्याखालची ओळ, जी मी परवा रागात ओलांडून गेले होते. तळटीप २३ मधले आजोबा २०१९ मध्ये ८६ वर्षांचे होते असे लेखिका सांगते, तर १९३० मध्ये शिपायांना गांधी टोप्या हिसकावताना त्यांनी 'प्रत्यक्ष पाहिले' ते कसे?

कपाटातून वही काढली. पान ४१, माझेच अक्षर, शेंगदाण्याच्या चटणीचा तेलकट डाग, कारण आजोबांच्या सुनेने कडक भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिले नव्हते. तिथे स्वच्छ लिहिले आहे: 'वडील सांगायचे, टोपी कणगीत ज्वारीखाली लपवली होती.' लेख इंग्रजीत उतरवून आठ हजार शब्दांत बसवताना ते 'वडील सांगायचे' मीच गाळले, आणि आजोबांना जन्माआधी तीन वर्षे साक्षीदार करून ठेवले. हसू आले, मग बराच वेळ हसू आले नाही. ते गाळले नसते तर कदाचित युक्तिवादही मोठा झाला असता, कारण खरा प्रश्न टोपीचा नाहीच. न पाहिलेली भीती मुलाने वडिलांच्या शब्दांत ८६ व्या वर्षापर्यंत कशी जपली, हा आहे. तो सोलापूरच्या वेशीपाशी थांबत नाही. तरीही 'स्थानिक' हा शब्द त्यांना अधिक सौम्यपणे लिहिता आला असता, हे माझे मत मी बदललेले नाही.

नळाला आज पाणी होते. रात्री दीडला उठून पिंपे भरली आणि झोप मोडलीच आहे तर म्हणून संगणक उघडला. 'वडील सांगायचे' परत घातले की लेख मर्यादेच्या चार शब्द पुढे जातो. पहिल्याच परिच्छेदात मी माझ्या संशोधनाला 'अत्यंत महत्त्वाचे आणि मूलगामी' म्हटले आहे. तिथले शब्द काढता येतील.