यान फिरत नाही, तरी माणसं चालतात कशी?

बारावीला परिभ्रमण गतिकी शिकवताना ‘मौत का कुआं’ येतोच. मोटारसायकलवाला उभ्या भिंतीवर कसा टिकतो ते सोडवून झालं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, सिनेमातलं यान तर फिरत नसतं. मग आतली माणसं चालतात कशी?”

इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचितच येतो. पुढचा भाग बाजूला ठेवला.

यान चाकासारखं फिरवलं, तर मोटारसायकलवाल्याला भिंत आत ढकलते तशीच त्याची कड आतल्या माणसांना ढकलते, आणि तेच वजनासारखं जाणवतं. त्याचं सूत्र फळ्यावर होतंच. मिनिटाला १० फेऱ्या घेणाऱ्या चाकाच्या आतल्या कडेवर पृथ्वीइतकं वजन जाणवायला त्रिज्या जेमतेम ९ मीटर लागते. “एवढंच? मग बनवत का नाहीत?”

प्रयोगशाळेतली फिरती खुर्ची आणली. एका मुलाला बसवलं, डोळे मिटायला लावले आणि सावकाश, एकाच वेगानं फिरवत राहिले. थोड्या वेळानं तो म्हणाला, “थांबलो ना?” कानातल्या नलिकांमधला द्रव तोवर खुर्चीबरोबर फिरू लागलेला असतो, म्हणून गती कळेनाशी होते. “आता मान उजव्या खांद्याकडे टाक.” मान कलताच त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. “मॅडम, पडतोय मी!” खुर्ची तसूभरही कलली नव्हती. कपाळावर घाम आला होता त्याच्या. लगेच थांबवलं, पाणी दिलं.

अशा यानात प्रत्येक वेळी मान वळवताना हेच होणार. शिवाय ९ मीटरच्या चाकात पायांपेक्षा डोक्याशी गुरुत्व जवळपास १९ टक्के कमी. कडेचा वेग सेकंदाला साधारण ९.४ मीटर, म्हणजे उसेन बोल्ट उलट दिशेनं धावला तर तरंगायलाच लागेल!

फेऱ्या दोनवर आणल्या, तर त्रिज्या २२४ मीटर होते. आपलं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक या टोकापासून त्या टोकापर्यंत १०९ मीटर आहे. तरीही मला ही कल्पना मनापासून पटते, कारण निसर्गाचा एकही नियम इथे आडवा येत नाही, अडतं ते आकारावर आणि खर्चावर. सप्टेंबर १९६६ मध्ये नासाच्या जेमिनी-११ यानानं ३० मीटरच्या पट्ट्यानं दुसऱ्या यानाला बांधून घेऊन संथ गिरकी घेतली होती आणि अगदी किंचित का होईना, कृत्रिम गुरुत्व निर्माण केलं होतं. सिनेमातल्यासारख्या, न फिरता जमिनीखालून ओढणाऱ्या यंत्राला मात्र आजच्या भौतिकशास्त्रात कुठलाच आधार नाही. वस्तुमानाशिवाय गुरुत्व आणायचं कुठून?

प्रश्न विचारणारी मुलगी वहीत काहीतरी मांडत होती. “मॅडम, मंगळाइतकं गुरुत्व, पृथ्वीच्या ०.३८ पट, चाललं तर? दोन फेऱ्यांना ८५ मीटरच येतंय.”

मी तिला फळ्यापाशी बोलावलं आणि खडू तिच्या हातात दिला.