जुन्या सीजे-३बी जीपचा क्राऊन-पिनियन बदलताना

विलीजने १९५३ मध्ये अमेरिकेत आणलेली आणि महिंद्राने पुढे कित्येक दशके भारतात परवान्यावर बनवलेली सीजे-३बी जीप ज्यांच्या दारात अजून उभी आहे, त्यांची एक तक्रार हमखास असते: वेग साठच्या पुढे गेला की इंजिन ओरडू लागते. दोष इंजिनाचा नाही. मागच्या डिफरन्शियलमधल्या (शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या भागातल्या) क्राऊनला, म्हणजे मोठ्या गिअरला, ४३ आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८ दाते असल्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला ५.३८ फेरे घ्यावे लागतात. टॉप गिअर थेट (इंजिनाच्या एका फेऱ्याला शाफ्टचा एक फेरा) असल्याने ६.००-१६ टायरवर ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेते. ४७ आणि ११ दात्यांचा, म्हणजे ४.२७ चा जोड बसवला तर तेच काम १९०० फेऱ्यांत होते.

माझ्या जीपला मी हा बदल करून घेतला आणि त्यावर मी समाधानी आहे, पण प्रत्येकाला तो करा असे मी म्हणणार नाही. वेगात जे मिळते ते चढावर द्यावे लागते. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.५५ आहे, मागच्या जोडाशी गुणले की आधी ८.३ असलेला आकडा ६.६ वर येतो, म्हणजे ओढ एक पंचमांशाने घटते. कुंभार्ली किंवा वरंधा घाटात भरलेली जीप नेणाऱ्याने, किंवा शेतावर ट्रॉली ओढणाऱ्याने, मूळ जोडच ठेवावा. टायर आधीच मोठे बसवले असतील, तरीही तोच ठेवावा, कारण मोठ्या टायरने निम्मे काम परस्पर केलेले असते.

खरेदीआधी आपल्या जीपमध्ये कोणता जोड आहे हे तपासणे सोपे आहे. बाकीच्या चाकांना उटी लावून मागचे एकच चाक जॅकवर उचलावे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, शाफ्टवर खडूची रेघ ओढावी आणि उचललेले चाक पूर्ण दोनदा फिरवावे. शाफ्टचे जितके फेरे होतील तितके गुणोत्तर. जुन्या बाजारातून माल घेताना क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा क्रमांक एकच आहे ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण हे दोन्ही भाग कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढच्या अॅक्सलची. मागे ४.२७ आणि पुढे ५.३८ अशा स्थितीत फोर-व्हील लावले, तर कोरड्या रस्त्यावर दोन्ही शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टना वाटणारी गिअरपेटी) किंवा अॅक्सल तुटण्याची वेळ येते. पुढचे डिफरन्शियल आकाराने लहान असल्याने मागचे गिअर तिथे बसत नाहीत. त्याच गुणोत्तराचा वेगळा जोड शोधावाच लागतो.

खरे कौशल्य लागते ते शिम, म्हणजे गिअरची जागा नेमकी करणाऱ्या पातळ चकत्या, बसवताना. शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या दात्यांना लावावा, हलका अडसर देत गिअर फिरवावा आणि उमटलेला ठसा पाहावा. ठसा दात्याच्या शेंड्याकडे आला तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, पिनियनची शिम वाढवावी. मुळाशी आला तर ती कमी करावी. बाजूच्या बेअरिंगमागील शिम बदलायला दर वेळी पुलर लावून बेअरिंग काढावे लागते, म्हणून मेकॅनिक इथेच घाई करतात. ठसा दात्याच्या मध्यभागी येईपर्यंत आणि क्राऊनचा प्ले (दात्यांमधली ढिलाई) बारीक हालचाल मोजणाऱ्या डायल गेजवर मर्यादेत बसेपर्यंत कव्हर लावू देऊ नये. नाहीतर घोंघावणे सुरू होते, आणि ते नुसत्या तेलाने जात नाही.

तेल हायपॉइड गिअरसाठीचे, जीएल-५ दर्जाचे ९० नंबर घालावे, पहिले काही अंतर भार न देता चालवून हौसिंग थंड होऊ द्यावे आणि साधारण ८०० किलोमीटरनंतर ते तेल बदलावे. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून निघत असल्यामुळे नव्या जोडानंतर काटा कमी वेग दाखवतो: प्रत्यक्षात ६० असताना ४८ च्या आसपास. केबलकडचा छोटा गिअर बदलेपर्यंत हा फरक लक्षात ठेवूनच गाडी चालवावी, विशेषतः ड्रम ब्रेकच्या भरवशावर उतार उतरताना.