नाकाला कळत नाही ते नळीला कळतं

नेदरलँड्समध्ये फेब्रुवारीच्या मध्यानंतर हवेला जो वास सुटतो, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. हिवाळाभर गोठ्याखालच्या टाकीत साठवलेलं पातळ शेणखत तेव्हा गवताच्या शेतांत सोडायला परवानगी मिळते. मी राहतो त्या गेल्डर्स व्हॅलीत गाई, डुकरं, कोंबड्या यांची दाटी, आणि लगेच पूर्वेला व्हेलुवेचं संरक्षित रान.

त्या रानात महिन्यातून एकदा, शेणामुतातून हवेत जाणारा अमोनिया मोजायच्या नळ्या बदलायला मी एका वनरक्षकाबरोबर जातो. उपकरण म्हणावं असं काही नाही: बोटाएवढी प्लास्टिकची नळी, वर आम्ल लावलेली गाळणी, खाली उघडं तोंड आणि त्यावर पातळ पडदा. वीज नाही, पंप नाही. आम्लापाशी आलेला अमोनिया तिथेच अडकतो, त्यामुळे तिथलं त्याचं प्रमाण जवळपास शून्य राहतं आणि बाहेरचा वायू आपोआप आत सरकत राहतो. नळीची लांबी-रुंदी आणि वायू पसरण्याचा वेग माहीत असतो. मग महिनाभरात किती अमोनियम (अडकलेल्या अमोनियाचं आम्लातलं रूप) साठलं ते प्रयोगशाळेत काढलं की हवेतली महिन्याची सरासरी मिळते. पडदा नसेल तर वारा नळीच्या तोंडात घुसळतो, वायूची वाट आखूड होते आणि आकडा फुगतो. काही नळ्या बंद ठेवूनच सोबत फिरवायच्या, म्हणजे प्रवासात किती घाण लागली ते कळतं. उघड्या तोंडाला बोट लावायचं नाही. घामातही अमोनिया असतो.

मला वाटायचं, वास आला की अमोनिया वाढला. पण नाकाला तो जाणवायला रानातल्या प्रमाणाच्या शेकडो पट लागतो. दगडफुलासारख्या लायकेनना मात्र घनमीटरला १ मायक्रोग्रॅमची वार्षिक सरासरीही पुष्कळ होते. बहुतेक वनस्पतींसाठी ही मर्यादा ३ धरतात. अमोनियातून जास्तीचं नायट्रोजन मिळालं की हेदर हे जांभळ्या फुलांचं झुडूप मागे पडतं आणि गवत माजतं. हे व्हेलुवेत चालता चालता दिसतं.

राष्ट्रीय आरोग्य व पर्यावरण संस्थेचं, म्हणजे आरआयव्हीएमचं, नळ्यांचं हे जाळं २००५ पासून चालू आहे. नळ्या बदलतात ते बहुतेक वनरक्षक आणि स्वयंसेवक. एकट्या स्वस्त नळीवर कुणी विश्वास ठेवत नाही. सरकारी स्थानकांवर महागड्या स्वयंचलित यंत्रांशेजारी अशाच नळ्या टांगतात आणि त्या तुलनेवरून सगळ्यांचे आकडे दुरुस्त करतात. माझ्या मते खरी हुशारी या व्यवस्थेत आहे, नळीत नाही.

आणि इथे आकडा म्हणजे राजकारण. २९ मे २०१९ ला इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजन प्रदूषणाबाबतची सरकारची योजना रद्द केली, बांधकामांचे आणि गोठ्यांचे परवाने अडकले, आणि ऑक्टोबरात शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर सरकार बसतं त्या हेग शहरावर धडकले. शेतकऱ्यांचा एक राग होता की हे सगळं संगणकाच्या गणितावर चाललंय, प्रत्यक्ष कोण मोजतंय? पुढच्या वर्षी सरकारनेच नेमलेल्या होर्डाइक समितीनेही मोजमाप वाढवा असं सांगितलं. तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती तर.

फक्त जास्त नळ्या लावल्या की वाद मिटेल, असं मला वाटत नाही. शेजारचे गाईवाले शेतकरी मला म्हणाले, "माझ्या कुंपणावर एक लाव आणि माझा वाटा किती ते सांग." लावता येईल, आकडाही येईल. पण त्यात त्यांच्या गाई, पलीकडच्या कोंबड्या आणि वाऱ्याने लांबून आणलेलं असं सगळं मिसळलेलं असणार. शेणखत मंगळवारी टाकलं की शुक्रवारी, हेही महिन्याच्या सरासरीत विरघळतं. कुणाचा किती, हे वेगळं काढायला पुन्हा तेच गणित लागतं, ज्यावर त्यांचा विश्वास नाही.

हे ऐकून ते म्हणाले, "मग निदान तुमचं गणित माझ्या कुंपणावरच्या आकड्याशी जुळतं का, ते तरी बघा." ही मागणी मला रास्त वाटते.