वाटपाचे दावे आणि जपानी खून

मी दिवाणी वकील. कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या कोर्टात माझी निम्मी कामं वाटपाची. सख्खे भाऊ, चुलत भाऊ, सासरी गेलेल्या बहिणी, मधे एक वाडा आणि उसाचं रान. दिवसभर हे ऐकून राजारामपुरीत घरी आले की वाचते काय, तर जपानी लेखक सेइशी योकोमिझो, इंग्रजी अनुवादात. माझ्या ज्युनिअरला याचं नवल वाटतं. मला नाही वाटत. भाऊबंदकी इतकी नेमकी पकडणारा रहस्यकथाकार मला दुसरा भेटलेला नाही.

'द इनुगामी कर्स' घ्या. रेशमाच्या धंद्यात गडगंज झालेला साहेई इनुगामी मरतो. तीन वेगवेगळ्या बायकांपासून झालेल्या तीन मुली, प्रत्येकीला एकेक मुलगा. सगळे नातू हजर झाल्याशिवाय मृत्युपत्र वाचायचं नाही, आणि एक नातू अजून युद्धावरून परतायचाय. तो येतो तो रबरी मुखवटा घालून. चेहरा लढाईत गेलेला. मग मृत्युपत्र वाचलं जातं. इस्टेट तामायो नावाच्या एका तरुणीला, पण तिनं तिघा नातवांपैकी एकाशी लग्न केलं तर. पोटच्या मुलींच्या हाती काहीच नाही.

असलं मृत्युपत्र कुणी माझ्याकडं करायला आणलं असतं, तर मी त्याला हात जोडून परत पाठवलं असतं. ही माणसं एकमेकांच्या जिवावर उठणार हे त्या वाचनातच ठरून जातं. (पहिला बळी तर वकिलाच्या ऑफिसातलाच आहे.)

आणि तो मुखवटा. आत खरा नातू आहे की तोतया? भाऊसाहेबांच्या तोतयाची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला ही शंका समजावून सांगावी लागत नाही. घरच्यांना आठवतं, लढाईवर जाण्यापूर्वी नातवांनी देवळात हाताचे ठसे अर्पण केले होते. ते ठसे जुळवण्याचा प्रसंग मी थांबून पुन्हा वाचला. दस्तावरचा अंगठा नाकारणारे पक्षकार मी पाहिलेत. कागद पुढं सरकवला की नात्यातली माणसं कागदाकडं नाही, एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. योकोमिझोला ते ठाऊक होतं.

'द होनजिन मर्डर्स' त्यानं युद्ध संपल्यावर लगेच, १९४६ मध्ये लिहिली. युद्धकाळात जपानमध्ये रहस्यकथेवर सरकारची वक्रदृष्टी होती. तो तेव्हा ओकायामा भागातल्या खेड्यात जाऊन राहिला होता, आणि कथाही तिथल्याच खेड्यात घडते. नामांकित घराण्यातला थोरला मुलगा कुळांच्या घराण्यातल्या मुलीशी लग्न ठरवतो, घरच्यांचा सक्त विरोध. लग्नाच्या रात्री किंकाळी, कोटो या तंतुवाद्याचे सूर, दारं आतून बंद, बाहेर बर्फावर पाऊलखूण नाही, आणि त्याच बर्फात रोवलेली तलवार. युक्ती भन्नाट आहेच. पण मला हलवलं ते खुनामागच्या कारणानं. ते सांगणार नाही. एवढंच सांगते की 'घराण्याची अब्रू' म्हणजे काय, हे कळणाऱ्याला ते जास्त लागेल. इंग्रजीत हे पुस्तक यायला २०१९ उजाडलं.

सोजी शिमाडा या दुसऱ्या जपानी लेखकाची 'द टोकियो झोडिअ‍ॅक मर्डर्स' (१९८१) डोकं चक्रावून टाकते. लेखक मधेच थांबून वाचकाला आव्हान देतो, ओळखा म्हणून. कोडं अव्वल, पण त्यातली माणसं माझ्या मनात राहिली नाहीत.

योकोमिझोचा गुप्तहेर किंदाइची, गबाळा, अडखळत बोलणारा, सतत डोकं खाजवणारा. तो उकल करेपर्यंत निम्मं घर मेलेलं असतं, असा आक्षेप घेतात. मला तो पटत नाही. अशा घरात बाहेरच्याला पहिल्या दिवशी खरं कोण सांगतं? म्हाताऱ्या बायकांशी, जुन्या गड्यांशी बोलत बसावं लागतं, त्यात दिवस जातात.

पहिल्यांदा वाचणार असाल तर 'इनुगामी' घ्या, आणि हाताशी कोरा कागद ठेवा. मात्सुको, ताकेको, उमेको ही बहिणींची नावं पहिली पन्नास पानं घोटाळ्यात टाकतात. मी दाव्यात काढते तशी वंशावळ काढली, तेव्हा कुठं हिशेब लागला.