लांबी सगळे विचारतात, रुंदी कोणी विचारत नाही: लंडनमधली बॅलेची खरेदी

मी 39 व्या वर्षी बॅले शिकायला लागले. शाळेत असताना आठ वर्षं कथक केलं होतं, त्यामुळे पायांना जमीन माहीत होती, जोडे माहीत नव्हते. पुण्यात घालून बघून घेता येतील असे स्लिपर्स, म्हणजे बॅलेचे मऊ जोडे, मला सापडले नाहीत, म्हणून चार वर्षांत ऑनलाइन पाच जोड मागवले. एकही धड बसला नाही. लांबीला बरोबर घेतले तर चवड्याला आवळायचे. चवड्याला मोकळे घेतले तर टाचेशी बोटभर कापड गोळा व्हायचं आणि रेलेवेला, म्हणजे टाचा उचलून चवड्यांवर, उठताना जोडा मागून निसटायचा. हळूहळू मी मनाशी धरून बसले की माझे पायच बॅलेचे नाहीत. गेल्या ऑक्टोबरात मावसबहिणीकडे लंडनमधल्या हॅरोला तीन आठवडे राहिले, तेव्हा एक अख्खा दिवस फक्त यासाठी राखून ठेवला. त्या दिवसाची ही हकीकत, आणि माझ्यामागून जाणाऱ्यांना सांगावंसं वाटतं ते सगळं.

दिवस गुरुवारचा निवडला. शनिवारी आणि शाळांच्या सुट्टीत बॅलेच्या दुकानांत मुली आणि त्यांच्या आया यांची गर्दी असते, आणि घाईत घेतलेलं माप म्हणजे पुन्हा तेच रडगाणं. हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉसला आले, तिथून पिकाडिली लाइनने कव्हेंट गार्डन, कारण ही दुकानं त्या भागात आहेत. हीथ्रोच्या बाजूने येणाऱ्यांना पिकाडिलीच धरायची असते, गाडी बदलावी लागत नाही. कव्हेंट गार्डनला वर यायला लिफ्ट आहे, जिना 193 पायऱ्यांचा आहे. पाय नाचासाठी राखायचे असतील तर लिफ्टच्या रांगेत उभं राहा, नाहीतर शेजारच्या लेस्टर स्क्वेअर स्टेशनला उतरून चालत या. ट्यूबमधलं, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेतलं, दोन स्टेशनांमधलं सर्वांत कमी अंतर हेच आहे, पाचेक मिनिटांत पोचता.

दुकानांत जायच्या आधी मी लँगली स्ट्रीटवरच्या पाइनॅपल डान्स स्टुडिओजमध्ये क्लास केला. डेबी मूर यांनी 1979 मध्ये अननसांच्या जुन्या गोदामात हा स्टुडिओ काढला, नाव तिथूनच आलं. पैसे भरून एकाच क्लासला बसता येतं, मोठ्या वयाच्या नवशिक्यांसाठी वेगळे क्लास असतात, आणि बारवर, म्हणजे सरावात धरायच्या दांड्याशी, माझ्या शेजारी साठीच्या पुढच्या दोन बायका होत्या. क्लास आधी करण्याचं कारण पायांशी निगडित आहे. तासभर नाचल्यावर पाय गरम होतात, किंचित फुगतात, आणि जोडे आपण वापरणार ते याच पायांवर. सकाळच्या थंड पायांवर अगदी चपखल बसलेला जोडा क्लासच्या मध्यावर चावायला लागतो. तुम्हाला क्लास जमत नसेल तर निदान दुपारनंतर जा आणि त्याआधी भरपूर चाला.

तिथून ड्रुरी लेनला चालत निघाले. वाटेत फ्लोरल स्ट्रीटवर मान वर करून बघायला विसरू नका: रॉयल बॅले स्कूल आणि रॉयल ऑपेरा हाउस यांना जोडणारा, पिळा दिल्यासारखा काचेचा पूल डोक्यावरून जातो. पुढे ऑपेरा हाउससमोरच्या ब्रॉड कोर्टमध्ये एका बसलेल्या नर्तकीचा ब्राँझचा पुतळा आहे, एन्झो प्लाझोटा यांचा. मी तिचे पाय बराच वेळ बघत उभी राहिले. त्या दिवशी मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

ड्रुरी लेनवर ब्लॉकचं दुकान आहे. ही मूळची ऑस्ट्रेलियन कंपनी, जेकब ब्लॉक या कारागिराने 1932 मध्ये सिडनीत सुरू केलेली. मी सांगितलं, मोठेपणी शिकायला लागले आहे, रोजच्या बुटांचा नंबर पाच. माप घेणाऱ्या मुलीने तो नंबर ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. मला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं केलं, लांबी मोजली, मग चवड्याची रुंदी मोजली, मग टाच दोन बोटांत धरून बघितली. चवडा रुंद, टाच अरुंद, दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, असं तिने एका दमात सांगितलं. आणि लगेच विचारलं, लहानपणी अनवाणी नाचायचात का? चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पायांकडे दोष म्हणून बघितलं नव्हतं. कथकचा तत्कार करत वाढलेल्या पायांचा चवडा पसरलेला असणार, त्यात बिघडलेलं काही नाही.

स्लिपर्सच्या बऱ्याच ब्रँड्समध्ये एकाच लांबीत वेगवेगळ्या रुंदी येतात, ही गोष्ट ऑनलाइन घेताना माझ्या लक्षातच आली नव्हती. ब्लॉकमध्ये त्या ए, बी, सी, डी अशा अक्षरांनी दाखवतात, ए सर्वांत अरुंद. काही ब्रँड्स नुसतं नॅरो, मीडियम, वाइड लिहितात. संकेतस्थळावर रुंदीचा रकाना नसेल तर बहुधा मधली रुंदी येते, आणि मग माझ्यासारखी बाई लांबी वाढवून रुंदीची भरपाई करत बसते. माझं माप निघालं साडेतीन नंबर, डी रुंदी. म्हणजे लांबीला रोजच्यापेक्षा दीड नंबर लहान. हा फरक ब्रँडप्रमाणे बदलतो, एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलमध्येही बदलतो, तेव्हा माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. कामाची आहे ती बघण्याची रीत.

सपाट उभं राहिल्यावर सगळी बोटं लांब, पसरून झोपलेली हवीत. ती मुडपली तर जोडा लहान. मग डेमी-प्लिए करा, म्हणजे टाचा जमिनीवर ठेवून गुडघे अर्धे वाकवा. प्लिएमध्ये पाऊल लांबतं, म्हणून जोडा तिथे गच्च वाटायला हवा, पण दुखता कामा नये. नुसतं उभं राहून «छान बसला» म्हणू नका. मग तांद्यू (पाय जमिनीवरून सरकवत ताणणं), मग रेलेवे, आणि रेलेवेत आरशात टाच बघा: कापड टाचेला चिकटून वर यायला हवं. वाढत्या वयाच्या मुलीसाठी घेताना थोडी जागा ठेवायचा मोह होतो, आपल्या बाबतीत ते कारणही नाही. मी सात जोड घालून बघितले, पाऊण तास गेला, आणि ती मुलगी एकदाही घाईला आली नाही.

कापड की चामडं, अखंड तळवा की दुभागलेला, हे प्रश्न तिथे आयत्या वेळी सोडवू नका, घरून निघताना आपल्या बाईंना किंवा सरांना विचारून जा. आमच्या बाईंनी अखंड तळवा सांगितला होता, कारण त्याला वाकवायला पावलाला जोर लावावा लागतो आणि तो जोर मला अजून कमवायचा आहे. दुभागलेला तळवा कमानीचा आकार सुंदर दाखवतो, हे खरं. चामडं खरखरीत जमिनीवर जास्त टिकतं आणि हळूहळू पायाचा आकार घेतं. कॅनव्हास हलकं, घाम शोषणारं आणि हाताने धुता येणारं. मी दोन्ही घेतले, पुण्याच्या जमिनीसाठी चामड्याचे, पावसाळ्यासाठी कॅनव्हासचे.

लिओटार्डची, म्हणजे धडाला घट्ट बसणाऱ्या बॅलेच्या एकसंध कपड्याची, कथा वेगळी नाही. तिथेही एक माप असं आहे जे आपल्याला कोणी विचारत नाही. छाती, कंबर, नितंब ही मापं तर हवीतच, पण खरा निकाल लागतो तो घेरावर: एका खांद्याच्या मध्यावरून टेप पुढून खाली आणायची, पायांमधून नेऊन पाठीवरून त्याच खांद्यावर परत. धड लांब असेल आणि हे माप न बघता घेतलं तर पट्टे खांद्यात रुततात आणि खालची शिवण वर चढते, मग क्लासभर एक हात ती शिवण खाली ओढण्यात जातो. हे माप एकटीला घेता येत नाही. मला ताईने, म्हणजे त्या मावसबहिणीने, आदल्या रात्री घेऊन दिलं, आणि दुकानात त्या एका आकड्यामुळे अर्धा रॅक न बघता बाजूला झाला.

ट्रायल रूममध्ये शिवण नसलेली अंतर्वस्त्रं घालून जा. हात वर करा, पुढे पूर्ण वाका, खोल प्लिए करा, आणि मगच आरशासमोर शांत उभ्या राहा. चाळिशीतल्या शरीराला छातीशी आधार लागतो. पुढच्या भागाला अस्तर आणि आत रुंद इलॅस्टिकची पट्टी आहे का, हे कापड उलटं करून तपासा, टॅगवर ते नेहमी लिहिलेलं नसतं. मांड्या उघड्या टाकायला मन घेत नसेल तर वर बांधायचा छोटा घोळदार स्कर्ट मिळतो, तो बहुतेक प्रौढ क्लासमध्ये चालतो. मी काळं, रुंद पट्ट्यांचं, पाठ बरीच झाकणारं घेतलं. टाइट्समध्ये तळव्याला भोक असलेले घ्या: क्लासनंतर ते घोट्यावर सरकवून चप्पल घालून घरी येता येतं.

एका दुकानात, त्याचं नाव घेत नाही, मी लिओटार्ड हातात घेतल्यावर «मुलीचं माप काय?» असं विचारलं गेलं. माझ्यासाठी हवंय म्हटल्यावर उत्तर आलं की मोठ्यांचं फारसं ठेवत नाही, आणि संभाषण संपलं. मला ते लागलं, बाहेर येऊन थोडा वेळ चालले. तुमच्या वाट्याला असं आलं तर त्या दुकानात वाद घालू नका आणि दिवसही सोडू नका. सरळ पुढच्या दुकानात जा. प्रौढांना मनापासून माप देणारी माणसं तिथे चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याला ते लागू आहे. बॅलेचा फिका गुलाबी रंग गोऱ्या त्वचेला जुळावा म्हणून रूढ झाला, पायाची रेघ न तुटता टोकापर्यंत दिसावी म्हणून. सावळ्या आणि काळ्या नर्तकी वर्षानुवर्षं आपल्या जोड्यांना मेकअपचं फाउंडेशन थापून रंग जुळवत आल्या, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या खर्चाने. लंडनमध्ये कॅसा पँचो यांनी 2001 मध्ये बॅले ब्लॅक ही कंपनी स्थापली, आणि 2018 मध्ये त्यांच्यासोबत फ्रीड या लंडनच्या बॅलेचे जोडे करणाऱ्या कंपनीने तपकिरी आणि ब्राँझ अशा दोन छटांचे पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहण्यासाठीचे कडक टोकाचे जोडे, बाजारात आणले. आता टाइट्स आणि स्लिपर्समध्येही गव्हाळ ते गडद तपकिरी छटा मिळतात. मी माझ्या घोट्याला धरून तीन छटा बघितल्या आणि मधली घेतली. आरशात पाय मांडीपासून अंगठ्यापर्यंत एकसलग दिसला तेव्हा माझे डोळे भरून आले.

शेवटी सेंट मार्टिन्स लेनवर फ्रीडकडे गेले. फ्रेडरिक फ्रीड आणि त्यांच्या पत्नीने 1929 मध्ये कव्हेंट गार्डनमधल्या एका तळघरात काम सुरू केलं. आजही त्यांचे पॉइंट शूज कारागीर हाताने करतात: जोडा उलटा शिवतात आणि मग सुलटा करतात, आणि प्रत्येक कारागिराचं स्वतःचं चिन्ह तळव्यावर उमटलेलं असतं. व्यावसायिक नर्तकींचा कारागीर ठरलेला असतो. तो निवृत्त झाला की त्यांना नवा हात शोधावा लागतो. मी एक जोड हातात घेऊन ते चिन्ह निरखलं. घेतला नाही. बाईंनी अजून परवानगी दिलेली नाही, आणि घोटा व पाऊल तयार नसताना पॉइंटवर चढणं म्हणजे दुखापत ओढवून घेणं. ज्यांना परवानगी मिळाली आहे त्यांनी आधी वेळ ठरवून जावं, पहिल्या फिटिंगला तासभर हाताशी ठेवावा, आणि दोन्ही पायांची नखं आदल्या आठवड्यात कापलेली असावीत. फ्रीडकडे रुंदी एक्स, डबल एक्स, ट्रिपल एक्स अशी मोजतात, म्हणजे ब्लॉकची अक्षरं फ्रीडकडे चालत नाहीत.

पैशांचं सांगायचं तर जोडे आणि कपडे भारतात मागवण्यापेक्षा फार स्वस्त पडले नाहीत. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर व्हॅट नाही, मोठ्यांच्या मापावर 20 टक्के आहे. पर्यटकांना विमानतळावर व्हॅट परत मिळायचा, ती सोयही 2021 च्या सुरुवातीपासून बंद झाली. तेव्हा बचतीसाठी जाऊ नका, मापासाठी जा. पावत्या सांभाळा, आणि बाहेर जमिनीवर न घातलेला जोडा किती दिवसांत बदलून मिळतो हे गल्ल्यावर विचारा. दुकानांच्या वेळा आणि पत्ते निघण्याआधी पुन्हा बघून घ्या.

स्लिपर्सचं इलॅस्टिक बहुधा आपल्यालाच शिवायचं असतं. रात्री हॅरोला ताईच्या जेवणाच्या टेबलावर तेच केलं. जोडा पायात घालून, उभं राहून, पट्ट्या कमानीवर एकमेकींना कुठे छेदतात ते टाचणीने नक्की करा आणि मग शिवा. बसून शिवलेलं सैल पडतं. टाके आतल्या अस्तरात घ्या, जोड्याच्या काठातल्या नाडीच्या नळीतून सुई गेली तर नाडी ओढता येत नाही. नाडी पायाला बेतून आवळा, गाठ मारा, टोकं कापून आत सारा. पुण्या-मुंबईच्या पावसात चामड्याला बुरशी येते, म्हणून क्लासहून आल्यावर जोडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती पिशवीत ठेवा आणि सावलीत वाळवा. पारंपरिक पॉइंट शूजचं टोक कापड, कागद आणि खळ यांच्या थरांनी घडवलेलं असतं. दमट हवेत ते लवकर मऊ पडतं, त्यांना सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवणं बरं.

क्लासमधल्या एका मैत्रिणीने कागदावर पायाची आकृती काढून दिली होती, तिच्यासाठी एक जोड आणावा म्हणून. दुकानातल्या मुलीने कागद बघितला, अंदाजे नंबर दिला आणि स्पष्ट सांगितलं की कागदावर पायाची जाडी कळत नाही, प्लिएही कळत नाही. तरी मी घेतला. लांबीला बरोबर आहे, करंगळीच्या बाजूला आवळतो. तिच्या पायाची रुंदी आम्ही आता टेपने नीट घेतली आहे, उभं राहून, क्लास संपल्यावर. पुढचा जोड त्या मापाने मागवणार आहोत, आणि या वेळी ऑर्डर देताना रुंदीचा रकाना रिकामा सोडणार नाही.